दोघांचा झोपाळा

ऋताने लॅच उघडलं तेव्हा तिचा नवरा तांदळाच्या गोणीशी बोलत होता.

ओजस झोपाळ्याच्या डाव्या बाजूला बसला होता. उजव्या बाजूला गोण होती. झोपाळा संथ हलत होता, त्याच्या खालचा पिवळा दिवा लागला होता, आणि ओजस सांगत होता, "तर साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो." गोणीने ऐकून घेतलं. तिच्यावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ऋता, मुलुंड पूर्व. देवरुखहून ट्रान्सपोर्टने पाठवताना ऋताच्या वडिलांनी ते स्वतः ब्रशने लिहिलं होतं. गोण हरवू नये म्हणून.

बाहेर अजून उजेड होता. ऋता उजेडात घरी येत नसे. आज आली, त्याला कारण होतं.

झोपाळा तिनेच डिझाइन केला होता. कामाने पिचलेल्या माणसांसाठी. एकटं कोणी बसलं तर तो ढिम्म राहायचा. दोघं शेजारी बसले, फोन बाजूला ठेवले, की आपोआप झुलायला लागायचा. माणूस तो वजनावरून ओळखायचा. जो रोज बसतो तो घरचा. जो महिनाभर फिरकला नाही तो पाहुणा. दोघांसाठी वेगळा दिवा आणि वेगळं स्वागत होतं, आणि बजेट नसल्यामुळे आवाज ऋताचाच होता. पहिला नमुना स्वतःच्या हॉलमध्ये टांगायचा म्हणून त्यांनी सोफा विकला होता.

"स्वतःच्याच घरात पाहुणा?" ओजस तेव्हा म्हणाला होता. "महिनाभर बसायला वेळ मिळत नाही, असं कोण असतं?"

"असतात रे लोक," ऋता म्हणाली होती.

झोपाळ्याचं काम मग इतकं वाढलं की गणपतीनंतर ती त्यावर एकदाही बसली नाही. पण रोजचे आकडे ऑफिसात येत होते, आणि आकडे झकास होते. मुलुंडमधलं एक जोडपं रोज संध्याकाळी न चुकता एकत्र झुलत होतं. ऋता प्रत्येक मीटिंगमध्ये ते दाखवायची. आज दुपारी अंधेरीत एका कंपनीच्या सपना मॅडमनी विचारलं, "किती गोड. कोण आहे हे कपल?"

"आम्हीच," ऋता म्हणाली, आणि तिने पुढची स्लाइड लावली. मग त्याच्या पुढची. तिसऱ्या स्लाइडवर तिच्या लक्षात आलं.

रिक्षा पवईला पोचेपर्यंत तिचा तीन बायकांवर संशय घेऊन झाला होता. एक ओजसच्या ऑफिसातली, एक सोसायटीची सेक्रेटरी. तिसरी दोन वर्षांपूर्वीच कॅनडाला गेली होती, पण ऋता कोणाला सोडायच्या मनःस्थितीत नव्हती.

गोण तिच्या डोक्यातही आली नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

ओजस दचकला नाही. जरा ओशाळला. "दसऱ्यापासून. एकटा बसलो तर हलतच नाही ना तो. तूच तसं केलंयस."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुझी मीटिंग होती. हिची नव्हती." त्याने गोणीवर हलकेच हात ठेवला. "आणि बसलं की तुझा आवाज येतो. 'घरचे आले, बरं वाटलं' म्हणतेस. मला पण बरं वाटतं."

गोण अजून शिवलेलीच होती. घरी भात लावायला कोणी नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे, ओजसला मध्ये एकदा खिचडी खावीशी वाटली होती, पण तांदूळ काढला असता तर गोणीचं वजन उतरलं असतं. झोपाळा काय म्हणेल, या विचाराने त्याने पाव खाल्ला होता.

ऋताने पर्स खाली ठेवली. "घरी काय विचारायचं होतं?"

"कुठे काय?"

"साहेबांना म्हणालास ना, घरी विचारून सांगतो."

ओजसने आधी गोणीकडे बघितलं. "बदली. नागपूरला, तीन वर्षं. उद्या कळवायचंय."

"आणि तू हो म्हणणार?"

"चार दिवस विचारतोय हिला. जाऊ नकोस, असं काही ती म्हणाली नाही."

दिवसभर ऋता लोकांना एकच सांगत फिरायची: नुसतं शेजारी बसा, बाकीचं आपोआप होतं. तिने फोन बंद केला आणि चपलांच्या रॅकवर ठेवला.

"हिला उतरव," ती म्हणाली. "मी बसते. मला विचार."

ओजस घाईघाईने उठला. त्याने गोण कवेत घेतली, सांभाळून उतरवली आणि भिंतीशी टेकवून ठेवली. तोंड त्यांच्याकडे येईल अशी. ऋता बसली. गादीला गोणीच्या आकाराचा खड्डा पडला होता. तिला तो सैल होत होता. ओजस शेजारी येऊन बसला. दोघांनी जमिनीवरचे पाय उचलले. कितीतरी दिवसांनी त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला.

"ऋता," तो म्हणाला, "मी जाऊ का?"

ती 'नको' म्हणायला तोंड उघडणार, तोच खालचा दिवा लागला. पिवळा नाही, पांढरा. आणि झोपाळा ऋताच्याच आवाजात, अगदी आदबीने तिला म्हणाला,

"या, पाहुणे. आपलंच घर समजा."