घोटून घेतलेलं उत्तर

आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा अख्खी इमारत भेटायला लोटली होती. बाबांना मात्र दारू सुटावी म्हणून मनोविकार विभागात दाखल केलं, तेव्हा आजोबांनी पहिलीतल्या नातीला समोर बसवलं.

"बाबा कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं?"

"बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत."

"असं खाली बघायचं नाही, राणी. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, न अडखळता."

जन्मभर शाळेत शिकवलेल्या आजोबांनी ते उत्तर तिच्याकडून चांगलं घोटून घेतलं.

भेटीच्या पहिल्या दिवशी आजोबा नातीला घेऊन गेले, तेव्हा वॉर्डच्या दारातच बाबा उभे होते. दाढी केलेली, अंगावर स्वच्छ सदरा. लेकीला पाहताच त्यांनी दोन्ही हात पसरले. हात आता थरथरत नव्हते.

शेजारी उभ्या असलेल्या नर्सनं हसत विचारलं, "काय गं, कुठे आहेत तुझे बाबा?"

नात ताठ उभी राहिली. नर्सच्या डोळ्यांत बघून, न अडखळता म्हणाली, "बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत."



मग शाबासकीसाठी तिनं आजोबांकडे पाहिलं, तर तेच खाली बघत होते.