कुठले दहा?

माझ्या नवऱ्याने, डेल्बर्टने, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. जाहिरात दिसली की तिचं गुणोत्तर खोडून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "दहापैकी नऊ दंतवैद्य म्हणे. कुठले दहा? यांनीच निवडलेले ना?" आमच्या टोलेडो शहरातल्या दुकानात त्याच्याबरोबर टूथपेस्ट घ्यायला जाणं म्हणजे शिक्षाच.

आज माझा रिपोर्ट ऐकायला मी त्यालाच हॉस्पिटलात डॉक्टरांकडे पाठवलं आणि गाडीत बसून राहिले. परतताना हायवेवर त्याच हॉस्पिटलचा भलामोठा फलक लागला: 'कॅन्सरचे दहापैकी आठ रुग्ण आमच्याकडे पूर्ण बरे होतात.'

"विचार की, कुठले दहा," मी त्याला डिवचलं.



रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "खरं असेल गं, व्हर्ना."