अहो

त्या नव्या थिएटरात कपाळाला पट्टी लावली की मनातलं माणूसच नायक-नायिका होऊन पडद्यावर यायचं. शेजारी बसूनही प्रत्येकाचा सिनेमा वेगळा.

मध्यंतरात मृणालिनीनं पट्टी काढली. तिचा नायक शेजारी बसलेला नवरा विश्रामच होता, अगदी शिंकांसकट.

"तुझी नायिका कोण रे?" तिनं लाजत विचारलं.

"तूच की!" विश्राम डोळे पुसत म्हणाला. "ती 'अहो' म्हणाली ना, तिथं मी विरघळलोच."

मृणालिनीच्या हातातला वडा हातातच राहिला. लग्नात त्यानंच बजावलं होतं, 'अहो-बिहो नको, अरेच म्हण.' आणि ती वेडी आजवर अरेच म्हणत आली होती.

तो चहा आणायला निघाला. गर्दीत तिनं मागून हाक मारली, "अहो!"

विश्राम खुशीत गर्रकन वळला. तिला पाहताच त्याचा चेहरा पडला.