पिस्टनखालचा बोळा

जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडलं, की मिस्त्री कुणाला जवळ फिरकू देत नसे. फक्त बॅरल, म्हणजे पिस्टनवर बसणारं नळकांडं, चढवताना त्याचा नाइलाज व्हायचा. बॅरल वरून पिस्टनवर उतरवायला त्याचे दोन हात लागायचे आणि पिस्टनच्या रिंगा खालून दाबून धरायला बायकोचे.

टेबलावरच्या इंजिनातून दोन पिस्टन वर डोकावत होते. आत काही पडू नये म्हणून दोन्ही पिस्टनखाली त्याने चिंध्यांचे बोळे कोंबले होते.

"अगं, ये लवकर!" अशी हाक मारून त्याने पहिलं बॅरल अलगद टेकवलं. त्याची नजर बॅरलवरून हलत नव्हती. खालून रिंगा दाबल्या गेल्या आणि एकेक करून गपगुमान आत सरकल्या.

"हात बसलाय हं तुझा," तो खुशीत म्हणाला. "आता बोळा काढ."

बोळा निघाला. बॅरल चपखल बसलं.

"अहो, हाक मारलीत का?" बायको ओले हात पुसत दारातून विचारत होती. "नळ चालू होता, नीट ऐकू आलं नाही."

मिस्त्रीने टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. बोळा कुठेच नव्हता.

"बसवलंत की एकट्याने! मग उगाच माझ्या नावाने शंख कशाला?" ती जवळ आली. "आणा ते दुसरं, मी दाबते." तिने दुसऱ्या पिस्टनला बोटं लावली.

मिस्त्रीने दुसरं बॅरल अजून उचललंही नव्हतं. बोळा काढायला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही तो बोळा तिच्या बोटांना घासत, हळूहळू इंजिनाच्या आत ओढला जाऊ लागला.