वर्ष आणि एक दिवस

मेरिनने तेच दोन कप तिसऱ्यांदा विसळले. खिडकीतून खालची सफरचंदाची बाग दिसत होती, सगळी फुललेली, आणि बागेच्या टोकाला पत्र्याची शेड. डूगल सकाळपासून त्या शेडमध्ये होता. आज सूर्य मावळला की दोघांची गाठ सुटणार होती, आणि त्याने त्याबद्दल अजून चकार शब्द काढला नव्हता.

जुन्या देवांना मानणाऱ्या त्यांच्या मंडळींची ही रीतच होती. दोघांचे हात दोरीने बांधायचे, ते वर्ष आणि एका दिवसापुरते. मुदत भरली की ज्याला राहायचंय त्याने नवी दोरी आणून दुसऱ्याला विचारायचं. कुणीच विचारलं नाही तर दोघं मोकळे. कारण मागायचं नाही, द्यायचं नाही. आणि आठवण तर मुळीच करून द्यायची नाही. आठवण करून दिल्यावर आणलेली दोरी काय कामाची?

म्हणून मेरिन गप्प होती आणि मनातल्या मनात टिपून ठेवत होती. सकाळी त्याने न सांगता चहा केला: राहणार. साखर विसरला: जाणार. दुपारी जेवायला आला, पण उभ्या उभ्या खाऊन निघाला: जाणार. निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हे कुठल्या बाजूला धरावं ते तिला कळेना. माणूस कुत्र्याच्याही डोक्यावरून हात फिरवतो.

संध्याकाळी डूगलची आई आली, न कळवता. नोरीन पक्की चर्चवाली. मागच्या वर्षी नेमकी गाठीच्या दिवशी तिची दाढ दुखली होती. आज दाढ ठीक दिसत होती. तिने स्कोनचा, घरी भाजलेल्या छोट्या गोडसर पावांचा, डबा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

"परवा गावात पोरं सांगाडे होऊन गोळ्या मागत फिरत होती," ती म्हणाली. "तो तुमचाच ना, मेलेल्यांचा सण?"

"तो तिकडे उत्तर गोलार्धात, थंडीच्या तोंडावर. इथे दक्षिणेत आत्ता वसंत आहे, नोरीन. आमचा एप्रिलअखेरीस झाला."

"म्हणजे सण उलटे आणि लग्न मुदतीचं."

मेरिन झाडू घेऊन व्हरांडा झाडायला लागली. सकाळीच झाडला होता.

"बस गं जरा. आजच ना?"

झाडू थांबला. "तुमच्या लक्षात आहे?"

"वर्षापूर्वीच कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय. म्हटलं, बघू तरी किती टिकतंय." नोरीनने स्कोन मधोमध फोडला. "आणली का त्याने दोरी?"

"नाही."

"आणि तू?"

"मी?"

"तुमच्यात बाईने आणायची नाही असं आहे का?"

"छे. कुणीही आणावी."

"मग?"

मेरिनने झाडू भिंतीला टेकवला. तो पडला. तिने उचलून पुन्हा टेकवला. "त्याचं काय ते आधी कळू दे ना."

नोरीनने स्कोनला अगदी कडेपर्यंत लोणी लावलं. "तुझी ती भांडी भाजायची भट्टी आली का होबार्टहून?"

"बहिणीकडेच आहे. वर्षभरात आणायचं राहूनच गेलं."

"तासाभराचा तर रस्ता आहे."

"हो."

घास चावून झाल्यावर नोरीन म्हणाली, "आम्हाला एकेचाळीस वर्षं झाली. एकदा चर्चमध्ये उभं राहून हो म्हटलं, ते म्हटलं. परत कुणी विचारलं नाही."

"आणि विचारलं असतं तर?"

"कुठल्या वर्षी विचारलं असतं त्यावर आहे."

दोघी हसल्या. मेरिनचं हसू आधी थांबलं.

सूर्य टेकडीला टेकायला आला तेव्हा शेडचं दार वाजलं. डूगल फुलांच्या दोन रांगांमधून वर येत होता. कोपरापर्यंत हात धुतलेले, अंगात स्वच्छ सदरा. हातात लोकरीची दोरी होती, स्वतः विणलेली. तीन पेडांपैकी एक मध्येच सुटलेला, तो त्याने परत कसाबसा आत खुपसला होता. दिवसभर तो हेच करत होता तर.

पायरीपाशी येऊन तो उभा राहिला. आईकडे बघून जरा लाजला, मग मेरिनकडे वळला.

"माझं हो आहे," तो म्हणाला. "तुझं?"

मेरिनने तोंड उघडलं. तो विचारणार नाही, या भीतीने तिने आख्खा दिवस काढला होता. तो गेलाच तर काय बोलायचं, कुठल्या बॅगेत काय भरायचं, बहिणीला फोनवर काय सांगायचं, सगळं ठरलं होतं. त्याच्या चहापासून हातापर्यंत सगळं तिने टिपलं होतं. तो विचारेल, आणि मग उत्तर तिला द्यावं लागेल, हे मात्र कुठेच धरलेलं नव्हतं.

"मला जरा वेळ दे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

"दिला," डूगल म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला.

ती अनवाणीच पायऱ्या उतरली आणि बागेत शिरली. चालता चालता थांबली, पुन्हा चालू लागली. डूगल तिच्यामागे जायला निघाला तशी नोरीनने त्याचा सदरा मागून धरला आणि त्याला पायरीवर बसवलं. टेकडीवर अजून बोटभर ऊन होतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हो म्हणेल ना ती?"

नोरीन खुर्चीच्या कडेला पुढे सरकून झाडांमधल्या त्या पाठीकडे बघत होती. हातातला स्कोन तसाच राहिला होता.

"मला काय विचारतोस," ती म्हणाली. "मी हे पहिल्यांदाच बघतेय."