फ्यूज एकदाही उडाला नाही

“गाडी अन् कूलर रातच्याला संगं लावू नका, फ्यूज उडतो. आमचा उडून राहिलाय,” असं शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, पण प्रियंकाने ते कानाआड केलं.

तिचा नवरा बालाजी रोज जवळा बाजारहून हिंगोलीला कामावर जायचा. इलेक्ट्रिक मोटारसायकल परवडेल का हे बघायला त्याने मेहुण्याची गाडी आठवडाभर मागून आणली होती. वाटेत ती बंद पडली तर, या धास्तीने प्रियंका लेकराला पाजायला उठली की ओसरीवर जाऊन चार्जर बघून यायची. पण गाडीची बॅटरी रोज पूर्ण भरायची, फ्यूज काही उडाला नाही. शेवटी निर्धास्त होऊन तीच बालाजीला म्हणाली, “घेऊन टाका. आपली वायरिंग बराबर हाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सासऱ्यांच्या खोलीत चहा घेऊन गेली. तातेराव घामाने निथळत, टॉवेलने वारा घेत बसले होते.

“मामा, कूलर काहून बंद?”

“रोजच बंद करून राहिलो, माय. पार्वतीबाईचं मी आयकलं व्हतं. पोराला लांब जायाचं असतंय.”


वाचून झालं असेल तर उठा, अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत एकदा डोकावून या.