सतरावा राजा

एका जुन्या राजघराण्याच्या सोळा राजांची नाणी काकांच्या अल्बममध्ये होती. सतराव्याचा कप्पा तेवढा रिकामा. तीस वर्षं दर रविवारी ते जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे पायपीट करत आणि हात हलवत परत येत. आता तर गुडघेही कुरकुरू लागले होते.

काल एका अभ्यासकाचा फोन आला. “काका, नवा शिलालेख सापडलाय. सतरावा राजा कुणी नव्हताच हो! सोळाव्यानंच पुढे नाव बदललं होतं. अभिनंदन, तुमचा संच केव्हाच पूर्ण झालाय.”

काका मटकन खुर्चीत बसले. कसंबसं त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. “देव पावला म्हणायचा! मग या रविवारी तरी माझ्याबरोबर जेवायला बसाल ना?”